अक्षरामागे चौदा रुपये

देगलूरच्या बाहेर, मोंढ्याच्या पुढं,
गायरानाचा तुकडा नगरपालिकेनं तारेत घेतला,
कडुलिंबाची रोपं लावली, पेव्हर ब्लॉक बसवले,
आणि शहिदांची नावं कोरायचं काम माझ्याकडं आलं.
मशीनवाला नांदेडहून येतो म्हणाला होता,
आलाच नाही.

अक्षरामागे चौदा रुपये ठरले.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
जोडाक्षर एकच धरायचं, बाबू म्हणाला.
मी म्हटलं, साहेब, ज्ञानोबातला ज्ञ
एकदा तुम्ही कोरून बघा.

दगड काळा, आमच्याच खाणीतला,
आज्यानं जात्याला फोडला, बापानं पाट्याला, तोच.
छिन्नी लागली की आधी पांढरं उमटतं,
मग पावसापाण्यानं हळूहळू परत काळं.
म्हणून रंग भरा म्हणाले. भरला.

शिपाई शेख मुख्तार शेख चाँद.
बाबू म्हणाला, शेख दोनदा कशाला, एक गाळा.
मुख्तारचा भाऊ पंक्चरचं दुकान बंद करून आला होता,
नखांत ग्रीस.
म्हणाला, एक तो आहे. एक अब्बा.
मी दोन्ही कोरले.
बिलात एकच धरला.

नाईक माधव बोईनवाडची माय
रोज दुपारी येऊन बसायची, काम बघत.
तिला अक्षर येत नाही.
पुरं झालं तसं तिनं सगळ्या नावावरून बोट फिरवलं
नि विचारलं, हे कुणाचं?
माधव तर शाळेत म्हणायचे.
घरी तो भुऱ्या.
भुऱ्या, शेरडं सोड. भुऱ्या, ऊठ की आता.
दगडाच्या मागं, जिथं पाण्याचा पाइप येतो,
तिथं दोन अक्षरं कोरून दिली.
बिलात नाहीत.
रंगही भरला नाही त्यांत,
तिला लागत नाही.

उद्घाटन झालं. माइक घरघरला.
हार दोन दिवस राहिले, मग शेळ्यांनी खाल्ले.

आता पहाटे पाचला बागेत पोरं पळतात.
भरती आहे म्हणे.
सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांत,
बागेला चार फेऱ्या.
शर्ट, चपला नावांच्या ओट्यावर ठेवतात,
मोबाइलही तिथंच, घड्याळ चालू करून.
चल, चल, चल, कुणीतरी ओरडतं, शेवटची फेरी.
त्यांत माझा तिरुपती.
दम लागला की दगडाला हात टेकतो,
घामाचा पंजा उमटतो,
वाळतो.

सात नावांखाली दीड हात दगड कोरा आहे.
बाबूनंच सांगितलं होतं, जागा राहू द्या.
तेवढाच भाग मी जास्त घासला,
आरशासारखा केला.
तेव्हा काही वाटलं नव्हतं.
काम होतं.

आज नळाला पाणी आलं म्हणून त्याला बोलवायला गेलो.
तो त्या कोऱ्या भागाला पाठ लावून उभा, धापा टाकत.
पाच चाळीस, म्हणाला, बा,
दहाच सेकंद कमी करायचेत.
मी हूं म्हटलं.
आणि डोक्यात आपोआप सुरू झालं,
ति. रु. प. ती. धो. त्रे.
सहा.
त्रे जोडाक्षर, एकच धरायचं.

पाठ काढ तिथून, मी खेकसलो,
दगडाला डाग पडतो.