उजवीकडे थोडं, डावीकडे थोडं

तपकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिना इतका चिंचोळा की डबा पोटाशी धरून
आडवं आडवं चढावं लागतं.
तशाच आल्या घोटवडेकर बाई.
"पंखा किंचाळतो, मग सगळंच विझतं.
पण आतलं काही पुसू नका हं."

झाकण काढलं.
अप्पा बळवंत चौकातली बारा वर्षांची धूळ,
कागदाची, पांढुरकी, मऊ,
कटिंग मशीनवाल्याच्या भुवयांवर असते तशी.
झाडली. पंख्याची वायर सोडवली. चिमटा उचलला.
आता हीटसिंक वर घेतला की झालं.
आला नाही.

मधली पेस्ट, लावली तेव्हा लोण्यासारखी असणार,
पातेल्याच्या बुडाला खरवड धरते
तशी धरून बसलेली.
समीध नवा आहे, जिमला जातो.
"ओढू?"
"हात काढ."

मी ओढलाय एकदा.
दोन हजार आठ साली, नारायण पेठेतल्या वकिलांचा.
कच्चकन् आवाज झाला आणि
कुलूप तसंच राहून दार चौकटीसकट हातात यावं
तसा बुडाला चिकटून प्रोसेसरच वर आला.
त्याला नऊशे चाळीस पिना.
अकरा वाकलेल्या.
रात्री दीडपर्यंत, शिसं काढलेल्या पेन्सिलीच्या नळीत
एकेक पिन घेऊन उभी करत होतो.
दहा उभ्या राहिल्या.
अकरावी तुटली.
वकील काही बोलले नाहीत.
त्यांनी पावती मागितली.

म्हणून:
"चिमटा परत लाव. पंखा जोड. सुरू कर."
"बिघडलेलं?"
"दहा मिनिटं चालू दे. गरम झाल्याशिवाय सोडायचं नाही ते."

"दहा मिनिटं आहेत ना," बाई म्हणाल्या,
"मग बसू का मी?"
आणि माझ्याच स्टुलावर बसून
त्यांनी एक जुनी लग्नपत्रिका उघडली.
'आर्शिवाद' असं चारशे प्रतींवर गेलं होतं,
मुलीकडच्यांनी अर्धेच पैसे दिले.
बाईंनी रफार शिवरून उचलून वावर ठेवला,
वेलांटी दीर्घ केली.
"आता कोण छापणार ते?" समीध.
"कोणी नाही," म्हणाल्या, आणि सेव्ह केलं.

पंखा किंचाळायला लागला.
बंद. वायर भिंतीतून बाहेर. चिमटा पुन्हा वर.
स्क्रूड्रायव्हर मी ड्रॉवरमध्ये टाकला;
समोर असला की हात जातोच.

"दोन्ही हातांनी धर. वर नाही, फिरव.
उजवीकडे थोडं, डावीकडे थोडं.
झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढतात तसं."
समीधच्या कपाळावर घाम.
काही नाही.
परत उजवीकडे.
काही नाही.

खाली मेडिकलमधून दातांचा दोरा आणवला,
सत्तर रुपये, बिलात लावणार नाही,
आणि दोन धातूंच्या मधल्या फटीत, कोपऱ्यातून,
दोन बोटांना दोन टोकं गुंडाळून
हळूहळू आत.
गल्लीत कुणीतरी दिव्यांच्या माळा तपासत होतं,
लाल, निळी, लाल, आमच्या छतावर.
"आता फिरव."

आवाज झाला नाही.
समीधने फक्त माझ्याकडे पाहिलं,
हाताला काहीतरी कळलेलं.
एका केसाएवढं.
मग दोन केस.
मग ते सगळं ओझं बाजूला सरकलं,
आणि प्रोसेसर जागच्या जागी,
अंगावर करड्या पापुद्र्याचा चौकोन.
स्पिरिटचा बोळा फिरवला तसं
खालचं नाव वाचता आलं.

"एवढंच?" बाई.
"एवढंच."
नवी पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी. चिमटा. पंखा.
समीधने पावती फाडली: संगणक दुरूस्ती, तीनशे पन्नास.
बाईंनी चष्मा लावून वाचली,
त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं,
आणि 'रु' ऱ्हस्व केला.