चार पॉइंट सहा

कुरेसारेच्या वाचनालयाच्या तळघरात, दर गुरुवारी,
आम्ही बिघडलेल्या वस्तू उघडून बसतो.
टोस्टर येतात. शिवणयंत्रं येतात.
एकदा एक बाई अकॉर्डियन घेऊन आल्या,
तो आम्ही नुसता पुसून दिला.

मी एकतीस वर्षं फेरीबोटीवर वीजतंत्री.
इंजिन रुसलं की कप्तान आधी डिझेलला शिव्या द्यायचा,
मग समुद्राला,
आणि मी मुकाट्याने बॅटरीच्या टोकांना मीटर लावायचो.
ती सवय अजून आहे.
आधी वीज बघतो. बाकीचं मागून.

आज हेल्यू आली. मधमाश्या पाळते, बेटाच्या दक्षिण टोकाला.
पेट्यांचं वजन टिपणारा तिचा तळहाताएवढा संगणक
बर्फ पडल्यापासून गप्प.
"लाल दिवा लागतो, हिरवा लुकलुकत नाही.
कार्ड तीनदा नव्याने भरलं.
भाचा म्हणतो, बोर्ड मेलं, नवं मागव."

लाल दिवा म्हणजे एवढंच, की दारात कुणीतरी आलंय.
घरात आलंय असं नाही.

चार्जरच्या तोंडाशी पाच पॉइंट एक.
झकास.
बोर्डाच्या पिनांवर, कामाला जुंपल्यावर,
चार पॉइंट सहा.
मधला अर्धा व्होल्ट गेला कुठे?
केबलने खाल्ला. तीन मीटर लांब, आत केसासारखी तार,
पेट्रोलपंपावर घेतलेली.
डबा पोचवायला निघालेली आणि वाटेतच जेवून घेणारी.
मी आखूड, जाड केबल लावली.
हिरवा दिवा एकदा चाचरला, मग सुरूच झाला.
काम नसताना सगळेच पाच व्होल्टचे असतात, हेल्यू, मी म्हणालो,
आणि माणसांबद्दलही काहीतरी म्हणणार होतो,
पण ती जुनी केबल कचऱ्यात टाकून
टोपी घालून उभी होती.

मग ताउरी.
त्याच्याकडे लिनक्सवाला फोन, आतलं सगळं स्वतः बसवलेलं,
ज्यावरून आईला आवाज जात नाही.
बर्फात भोक पाडून मासे धरताना खिशात गारठला,
बॅटरी तळाला गेली.
चार्जर लावला की थरथरतो, चिन्ह दाखवतो, विझतो.
परत थरथरतो.
चार्जर देतो थेंब थेंब. जास्त मागायचं
तर आतली प्रणाली जागी हवी.
ती जागी व्हायची तर आधी जास्त हवं.
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

"प्रणाली पुन्हा टाकू?" तो विचारतो.
अरे, उपाशी माणसाला नवं पुस्तक कशाला?

पाठ उघडली. बॅटरी बाहेर काढली.
टेबलावरच्या पुरवठ्याला जोडली, प्रवाह अगदी बारीक,
आजाऱ्याला पेज पाजावी तसा.
दोन पॉइंट आठ. चहा.
तीन पॉइंट एक. त्याने मासे किती मिळाले ते सांगितलं (एक).
तीन पॉइंट पाच.
तोवर तीन तारा जोडल्या : जमीन जमिनीला,
त्याचं तोंड माझ्या कानाला, माझं तोंड त्याच्या.
पहिल्यांदा मी उलटं जोडलं.
दोघं तोंडाला तोंड लावून बसलो, कुणालाच काही ऐकू येईना.
चष्मा पुसला, तारा बदलल्या.

आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर ओळी धावायला लागल्या,
स्मरण सापडलं, कार्ड सापडलं, पडदा सापडला,
झोपेतून उठणारा जसा खिसे चाचपतो.
ताउरी पुटपुटत वाचत होता.
मागच्या वेळी जिथे वाक्य अर्ध्यात तुटलं असेल
ती जागा कधी गेली, कळलंही नाही.

फोन उघडला. घड्याळ म्हणालं :
एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
तेव्हा मी आठ वर्षांचा. घरी एकच दिवा,
त्याखाली वडील रेडिओची पाठ उघडून बसलेले,
आणि मला म्हणत होते, हात लावू नकोस, नुसतं बघ.

मग नेटवर्क लागलं आणि घड्याळ
एका उडीत गुरुवारवर आलं.

"आता आईला लावून बघ."
लावला. पलीकडे ती हॅलो हॅलो करत राहिली.
आवाजाचं, मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात.