निर्धाव

आमच्या घरात डावा हात वारशानं येतो.
जमीन नाही आली.

आजोबा, भरमाण्णा, वडगावात माग चालवायचे.
रविवारी काथ्याची मॅट खांद्यावर टाकून
व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली जायचे,
खिळ्यांसाठी हातोडी, डब्यात भाकरी, शेंगाची चटणी.
त्या मॅटवर त्यांचा चेंडू हातभर वळायचा, असं लोक सांगायचे.
सांगणाऱ्यांतलं आता कुणी उरलेलं नाही,
आणि मॅटचं दुकानापुढं पायपुसणं झालं.

बाबांना पुण्याच्या निवडीत विचारलं, कर्नाटकातले का?
हुबळीच्या निवडीत विचारलं, मराठी का?
दोन्हीकडं त्यांनी होय म्हटलं.
दोन्हीकडं चहा मिळाला. हुबळीचा चांगला होता म्हणे.
मग त्यांनी शहापुरात रेग्झिनच्या पिशव्या शिवायला घेतल्या
आणि दादाच्या हातात चेंडू दिला.
मी मागितला तेव्हा वही दिली.

लाल पुठ्ठ्याची, आडवी, धावा मांडायची वही.
टिंब म्हणजे धाव नाही.
सहा टिंबं रेघेनं जोडली की एम, षटक निर्धाव.
नऊ वर्षांची मी, मला वाटायचं
दादाचं काम टिंबं पाडायचं
आणि माझं, ती जोडायचं.

बोलावणं आलं ते ना पुण्याहून, ना बंगळुरातून.
आईचे वडील साखळीचे, पोर्तुगालच्या अमलात जन्मलेले.
त्या एका दाखल्यावर आईचा कागद झाला,
आईवरून दादाचा, तांबड्या पुठ्ठ्याचा.
सीमेपायी तीनदा हिंडलग्याचा तुरुंग बघितलेल्या माणसाचा नातू
लिस्बनचा नागरिक!
आजोबा पान जुळवत म्हणाले,
"होऊंदे की. बॉल तर हातानंच टाकणार न्हवं?"

काउंटीची दुसरी इलेव्हन. पाच मोसम.
रात्री फोनवर मी, "काय करूलैस?"
"स्वेटर वाळवूलोय. बोटं बसेनात बघ शिवणीवर, गारठ्यानं."
आई मागून विचारायची, कुंदा पोचला का?
पोचलेला असायचा, अर्धा गोठलेला,
खोलीतल्या ऑस्ट्रेलियन पोरानं तो पावाला लावून खाल्ला.

पहिल्या संघाकडून तीन सामने.
तीन.
त्यातल्या एका डावाचे आकडे मी रात्री जागून
आमच्या वहीत उतरवले, पेन्सिलीनं:
एकवीस षटकं, आठ निर्धाव, चौसष्ट धावा, एक बळी.
सकाळी आजोबांना वाचून दाखवलं.
"आठ?" म्हणाले.
दाढी करताना परत, "आठ?"
बळी कुणाचा ते कुणी विचारलंच नाही.

दर सप्टेंबरात करार संपायचा, मार्चात नवा यायचा.
एका मार्चात नाही आला.

दादा परतला तो गुडघ्यावर पट्टा बांधून.
दूधवाल्यालाही 'चिअर्स' म्हणायचा, दोनेक महिने.
आता डेपोवर पोरं शिकवतो,
अनगोळची, मच्छ्याची, गणेशपूरची.
ओरडतो कन्नडात, समजावतो मराठीत,
आणि एकटा असला की इंग्रजीत स्वतःवर चिडतो.
मी शाळा सुटली की जाते, वही घेऊन,
पिंपळाखालच्या कट्ट्यावर माझी जागा ठरलेली.

परवा मच्छ्याहून एक मुलगी आली, सायकलवरून.
डावरी.
दादानं सवयीनं माझ्या हातातली वही घेतली
आणि तिच्यापुढं धरली.
मी ती परत ओढली.
जरा जोरात ओढली असावी, पान फाटलं थोडं.
"तिला बॉल दे."
तो बघत राहिला माझ्याकडं,
बाबांसारखा दिसतो तो असं बघताना.
मग खिशातनं चेंडू काढला.

पाच टिंबं.
तिचं मनगट सुटायचं तेव्हा माझ्या मांडीवरचा
डावा हात आपोआप वळत होता.
सहावा वाइड गेला, चांगला दोन हात बाहेर.
मी अधिकाचं चिन्ह काढलं
आणि सातव्यासाठी चौकटीत जागा ठेवली.