काना

कणकुंबीच्या अलीकडं, वळण सुरू व्हायच्या आधी
एक पिवळा पत्रा आहे.
कन्नड मला ऐकून कळतं, वाचता येत नाही.
बसलिंग वाचतो : निधान.
म्हणजे हळू जा.

पहिल्यांदा हसलो होतो मी.
आमच्यात निधान म्हणजे पुरलेला हंडा,
आणि माझ्या टेंपोत मागं
खानापूरचे माठ, पेंढ्यात निजवलेले,
एक गचका बसला की अर्धं भाडं फुटलं.

पाऊस इथं पडत नाही, उभा राहतो.
वायपरचं रबर आषाढातच मेलं.
मग नारू गुंजीकरानं शिकवलेलं करतो,
निपाणीची तंबाखू ओली करून काचेवर चोळतो,
काच घडीभर ऐकते.

नारू बाजूला बसून सांगायचा :
चढलास ज्या गिअरात, उतर त्याच गिअरात.
ओढ्यातनं निघालास की ब्रेक दोनदा दाबून बघ,
ओला ब्रेक थोरल्या पोरासारखा,
हो म्हणतो आणि जातो.
पुढच्याच्या लाल दिव्याला चिकटू नको रं,
त्याला तरी कुठं काय दिसूलालंय?

गेल्या श्रावणात बसलिंग पत्र्याकडं बघून गप्प झाला.
गंजानं पोपडा धरला होता, रंग निघाला होता.
"काय झालं?"
"अण्णा, काना गेलाय."
"मग आता काय लिहिलंय?"
"निधन."

ह्याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही.
दोघांच्याही भाषेत तो एकच.
पुढं कठड्याचे तीन दगड दरीकडं गेले होते,
नवीनच. कुणाचे, कळलं नाही.
धुक्यात खाली नुसता पाण्याचा आवाज.

बसलिंग उतरला,
रस्त्यावरचा लाल चिखल बोटावर घेऊन
त्यानं काना काढला, वळण देऊन, शाळेतल्यासारखा.
टेंपो सुरू करेपर्यंत
अर्धा ओघळला होता.

ऑइलपेंटचा डबा आणायचा, मी म्हणतो.
दर खेपेला म्हणतो,
आणि खडेबाजारात गेलो की
मुलीची वही, बायकोचं औषध, पंक्चर,
डबा राहतोच.

तोवर बसलिंग गोणपाट डोक्यावर घेऊन उतरतो,
चिखलात बोट बुडवतो.
मी कडेला घेऊन, इंडिकेटर टाकून थांबतो,
माठ एकमेकांना लागतात तेवढं ऐकत.
मागनं कुणी हॉर्न मारला
तर मारू दे.