पायऱ्या चढता येतात का

फोनवरची मुलगी तिसऱ्यांदा विचारते,
पॅसेंजरला पायऱ्या चढता येतात का, सर?
मी दुकानात, बिटको चौकात,
हातात कुणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याचं झेरॉक्स,
आणि खरं उत्तर असं आहे की
मुक्तिधामच्या चढते, कठड्याला धरून.
आमच्या इमारतीच्या चढते,
पहिल्या मजल्यावर चपलेचा पट्टा नीट करायचं नाटक करून.
पांडवलेण्याच्या चढायची, मला कडेवर घेऊन.
यातलं कुठलं लिहून घेणार?
तिच्याकडे तीनच रकाने आहेत.
मधला घ्या, म्हणतो मी.

नाव रत्नप्रभा गांगुर्डे. वय अडुसष्ट.
दोह्यात थांबा अकरा तास दहा मिनिटं,
मग मॉन्ट्रियल.
हेच स्वस्त होतं रे, चारुशीला तिकडून म्हणते,
आणि आम्ही दोघं गप्प होतो,
कारण फोन स्पीकरवर आहे
आणि आई समोर मेथी निवडतेय.

अकरा तासांत काय होतं
ते विचारून विचारून गोळा केलंय मी.
खुर्ची एका दालनात नेऊन लावतात, रांगेत.
ढकलणाऱ्याची पाळी संपते.
नवा येतो, त्याच्या कागदावर तुमचं नाव नसतं.
जेलरोडच्या बच्छावकाकू नऊ तास पाणी प्यायल्या नाहीत,
लघवीला लागली तर सांगायचं कुणाला म्हणून,
आणि उतरल्यावर मुलाला म्हणाल्या, प्रवास छान झाला.

म्हणून कार्ड.
माझ्याकडे लॅमिनेशनचं मशीन आहे.
ज्याच्याकडे जे असतं त्यानं तो काळजी करतो.
दर दोन तासांनी मला बाथरूमला न्या.
मला साखरेचा चहा चालत नाही.
माझं पुढचं विमान दुपारी तीन पन्नासला.
मला चालता येत नाही.
वर इंग्रजी, खाली अरबी.
अरबी देवळालीगावच्या इरफानसरांनी लिहून दिली,
पैसे न घेता,
पहिल्या ओळीपाशी जरा थांबून.

आई कार्ड गरम असतानाच हातात घेते.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये, तपासणीला.
पासपोर्टची पुस्तकं. शिवण, आकडा, कोपरा, शाई.
सगळं उभ्यानं.
भोंगा झाला की अंगझडती देऊन बाहेर.
गुडघे आतच राहिले,
ते कुणी मोजले नाहीत.
स्वतःचा पासपोर्ट आला गेल्या वर्षी, पोस्टानं,
तर फोटो न बघता आधी शिवण बघितली.

चौथ्या ओळीवर नख.
हे चूक आहे.
येतं चालता. हळू येतं. हळू लिही.
आई, लॅमिनेट झालं आता.
मग हे बाद, म्हणते,
आणि बादची वेगळी टोपली असल्यासारखं
बाजूला ठेवून देते.

इरफानसरांना पुन्हा फोन. ‘हळू’ला काय म्हणतात?

मध्यरात्री तिला मुंबईला सोडून
कसारा घाट चढून परत आलो, अंघोळ केली, शटर उघडलं.
साडेअकराला फोन. मागे घोषणा, चाकांचा आवाज.
पाणी प्यालीस?
प्याले.
बाथरूम?
दोनदा. शेजारच्या बाईंनाही नेलं.
श्रीलंकेच्या आहेत, कुणाशी बोलतच नव्हत्या.
कार्ड त्यांना देऊन टाकलं.
अगं, आणि तुला?
मला काय, मला सांगता येतं.
बरं ऐक, ढकलणारा पोरगा नेपाळचा.
त्यानं पासपोर्ट हातात घेतला, तर मी म्हटलं, हा मी केलाय.
कसं म्हटलंस?
आधी पासपोर्टाकडे बोट, मग छातीकडे.
मग?
तो म्हणाला, येस मॅडम, युवर्स.

आई हसते, इतकी,
की फोन कानापासून लांब धरावा लागतो.
काउंटरवर एक मुलगी आधारकार्ड पुढे सरकवते.
दोन्ही बाजू, काका.
मी मशीनचं झाकण उघडून
तसाच उभा.