खडूचा खोका

उद्या सतरा सप्टेंबर.
हेडमास्तर म्हणाले, दहावी ब ला दोन गाणी बसवा,
बाकी काही नको.
मी नागरिकशास्त्र शिकवतो,
वर्षातले चार महिने बीएलओ असतो,
हदगावात दारोदार विचारत फिरतो,
घरात कुणी अठराचं झालं का?
गाणी मला येत नाहीत.

खडूचा खोका रिकामा केला, वर चीर पाडली,
फळ्यावर लिहिलं:
सन अठ्ठेचाळीस. हैदराबाद संस्थानानं
स्वतंत्र देश म्हणून राहावं का?
तेव्हा सार्वमताची बोलणी झाली होती, सांगितलं.
कागदावरच राहिली.
इथं कुणी विचारायला आलं नाही.

मागच्या बाकावरून व्यंकट कोकरे उठला.
"सर, त्याच्या आधीचं ठरवा की.
सोळा वर्षाच्याला मत हाय का?"
हा पोरगा पहाटे दूध घालतो,
बापाचं बँकेचं, विम्याचं, ओटीपीचं
सगळं ह्याच्याच अंगठ्याखाली.
कुणी म्हणालं, ट्रॅक्टर चालवतो तर मत का नाही?
राजनंदा म्हणाली, ट्रॅक्टर पण चोरूनच चालवतोस.
वर्ग हसला.
नुजहत बसूनच बोलली,
"देश कुठला ते म्हाताऱ्यांनी ठरवायचं,
आणि राहायचं आपण. साठ-साठ वर्षं."
मग कुणी हसलं नाही.

मी दोन-दोन चिठ्ठ्या वाटल्या.

पहिल्या प्रश्नाचा निकाल
तुम्हाला वाटतो तसाच, दोन मतं सोडून.
दुसऱ्याचा असा:
पोरं अडतीस. हो, चौदा. नाही, तेवीस.
एक कोरी.
मत मिळालं, आणि पहिल्याच मताला
त्यांनी मत परत केलं.
"मी नाहीच लिहिलंय," व्यंकट म्हणाला,
"घरी बाप म्हणल ते, गल्लीत पोरं म्हणतील ते.
माझं कुठलं, अजून कळंना."
एवढं कळतंय त्याला द्यावं की मत,
असं मला वाटलं, आणि वाटलं तसं गप्प बसलो.
किती वर्षं फॉर्म भरून घेतोय मी,
पन्नाशीतलं कुणी असं बोललेलं
ऐकलं नाही.

झेंड्याला नागोराव आले. त्र्याण्णव वर्षं,
इस्तरीची टोपी, पायात नातवाचे बूट.
चहाच्या वेळी त्यांना खोक्याचं सांगितलं.
"सोळाचाच होतो मी," म्हणाले,
"पैनगंगा दोन्ही थडी भरलेली. भोपळ्याची सांगड.
मुंडाशात उमरखेडच्या कॅम्पाची चिठ्ठी.
तवा कुणी जन्मतारीख इचारली नाही.
मत इचारलं असतं तर दिलं असतं छाती काढून.
त्या वयात छाती लई सोपी असती, मास्तर."

बशीत चहा ओतला. पिले नाहीत.

"पुढं सगळं मिटलं. फौज आली, पेढे वाटले.
आन् एका रात्री रंगरेजाच्या गल्लीत
माणसं शिरली. आपलीच.
कंदील माझ्या हातात होता.
मी कुणाला बोट लावलं नाही.
नुसता उजेड धरला.
ह्याला काय म्हणायचं?
मतच ना हे?"

मैदानावर दहावी ब रांगेत उभी.
नुजहत वाकून बुटाची नाडी बांधत होती.
नागोराव तिकडंच बघत होते, की झेंड्याकडं,
मोतीबिंदूत कळत नाही.
मी म्हणालो, चहा निवला, दुसरा सांगतो.

खोका अजून माझ्या टेबलाच्या खणात.
काल सुट्टीनंतर ती कोरी चिठ्ठी काढली,
खिडकीशी धरली.
कोरी नाही. पेन्सिलीनं लिहिलंय,
पुन्हा खोडलंय, कागद झिजेपर्यंत.
अजून थोडी तिरकी धरली असती
तर अक्षर ओळखलं असतं, हाताखालचंच ते.
पण गुप्त मतदान मीच शिकवलंय.
घडी घालून परत टाकली.
बोटाला शाई नव्हती,
खडू होता.