हात दाखवा

कूम हेलिग. कूम म्हणजे दरी, हेलिग म्हणजे वाळुंज.
वाळुंज एकही उरला नाही; दरी आहे.
वेल्समधला एक फलाट, दीड डब्याच्या लांबीचा,
आणि कंपनीने धाडलेला मी, मोजणीदार,
गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तक्ता:
उतरले. चढले.
दिवसाला चार गाड्या. हात दाखवला तरच थांबतात.

सकाळची गेली. शून्य, शून्य.

थर्मास घेऊन एलुनेड प्रॉसर आल्या.
पूर्वीचं तिकीटघर आता त्यांचं स्वयंपाकघर,
खिडकीचं अर्धवर्तुळ तसंच,
त्यातून मांजर ये-जा करतं.
"काय मोजताय?"
"माणसं."
"उशीर केलात हो. साठेक वर्षं."

मग बोटं मुडपत त्यांनीच मोजायला घेतलं:
दुधाचे चौदा कॅन, पहाटेच्या गाडीला, रोज;
सशांच्या पेट्या, शनिवारी, बर्मिंगहॅमला;
पाटीच्या दगडाचा एक तुकडा, ज्यावर वडील, इड्वल,
हमाल, दिवेवाले आणि चर्चमध्ये बेसूर,
गाडी किती मिनिटं उशिरा ते खडूने लिहीत.
युद्धात एकोणीस पोरं उतरली लिव्हरपूलहून,
गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या.
अठरा जणांना कोणी ना कोणी नेलं.
एकोणिसाव्याला खरूज होती.
तो दिव्यांच्या खोलीत झोपला, रॉकेलच्या वासात,
सात महिने.
"नॉर्मन. नाताळला अजून कार्ड येतं त्याचं.
यायचं, म्हणजे."

दुसरा रूळ उपटला, छप्पर लिलावात गेलं,
घड्याळ कोणी नेलं ते त्यांना माहीत आहे,
पण तोही आता वारला.

अकरा चाळीसची दिसली तसे
त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.
"हलवला की थांबते बिचारी.
जुन्या ड्रायव्हरना कळायचं,
तळवा सपाट म्हणजे थांब,
बोटं हलली म्हणजे बरंय ना.
हा नवा आहे."
हनुवटीनेच रामराम केला गाडीला.
शून्य, शून्य.

"तुमच्या गावचं स्टेशन कसं आहे?"
म्हटलं, तीनदा सर्व्हे झाला. खुणेचे दगड रोवले.
एक आमच्या बांधावर आहे, त्याला म्हैस अंग घासते.
रूळ काही आले नाहीत.
"मग हात कोणाला दाखवता?"
"एसटीला."
एसटी म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही.
दाखवतो कोणाला तरी, एवढं पुरलं त्यांना.

संध्याकाळी मेंढ्यांचा वास घेऊन धुकं वर चढलं.
नियम असा की मोजणाऱ्याने स्वतःला धरू नये.
शेवटच्या गाडीच्या रकान्यात काय लिहिलं
ते इथे सांगत नाही.
फलाटाच्या कडेला उभा राहिलो, तळवा सपाट.
थांबली.

पायरीवरून मागे पाहिलं
तर त्यांचे दोन्ही हात खिशाबाहेर होते,
बोटं नुसती नाचत होती.
थांबलेल्याच गाडीला काय,
कितीही हलवा.